आई, उंची पाच फूट

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मारलेली एक आडवी रेघ होती. तिच्या शेजारी अप्पांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाच फूट, अंबाडा वगळून’. ही उंची माझ्या आईची. लग्न होऊन ती गिरगावातून लालबागच्या आमच्या चाळीत आली, त्याच आठवड्यात अप्पांनी तिला चौकटीला टेकवून उभं केलं होतं आणि डोक्यावर लाकडी पट्टी ठेवून ती रेघ मारली होती. आई सांगायची, नव्या नवरीला लोक नाव घ्यायला लावतात, ह्यांनी मला टाचा जुळवायला लावल्या. चाळीला रंग लागायचा तेव्हा रंगाऱ्याला बजावून सांगितलेलं असायचं की ती चार बोटं जागा सोडायची. त्यामुळे हिरव्या चौकटीवर एक जुना पिवळट तुकडा कायम दिसायचा आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, इथे रंग संपला का?

अप्पा म्हणजे माझे वडील. आजोबांनी जन्मभर कापडगिरणीत विणायचे साचे सांभाळले आणि अप्पा कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर झाले, पण खोल्या त्याच दोन राहिल्या. चांगली जागा का घेत नाही असं कोणी विचारलं की अप्पा म्हणायचे, एवढे दगड घेऊन बिऱ्हाड कोण हलवणार. ते खोटं नव्हतं. पलंगाखाली दगड, कपाटावर दगड, पाण्याच्या पिंपामागे दगड. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर नंबर. अप्पांची थोरली बहीण काशीआत्या आमच्याकडेच राहायची. ती मालवणातून आली ती आपली भाषा घट्ट धरूनच, आणि रोज केर काढताना एकदा तरी म्हणायची, “ह्या घरात माणसांपेक्षा दगडच जास्ती आसत.” तरी दगडांचा सगळ्यात जास्त उपयोग तिनेच केला. लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून एक काळा फत्तर, गुबगुबीत स्फटिकांचा एक गुच्छ देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या शेजारी, आणि एक हलका, भोकाभोकांचा दगड मोरीत टाचा घासायला. हा शेवटचा दगड अप्पा वर्षभर शोधत होते. कुठल्याशा विझलेल्या ज्वालामुखीचा तो तुकडा त्यांना एका परदेशी प्राध्यापकाने दिला होता. सापडला तेव्हा त्याचा नंबर घासून गेलेला होता आणि आत्याच्या टाचा लोण्यासारख्या झाल्या होत्या.

घराखाली मसाल्याची गल्ली. मिरच्या कुटायला लागल्या की सगळा मजला एका सुरात शिंकायचा. गिरणीचा भोंगा झाला की आत्या चहाचं आधण ठेवायची आणि अप्पा घड्याळ लावायचे. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, मी त्याच्या बाविसाव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे. इथवर मसाला पोहोचत नाही. कधीमधी वारा फिरला की शिंक येते, आणि मी उगाच खूश होते.

अप्पांचं खरं वेड होतं ते व्याख्यानांचं. कॉलेजात मुलं परीक्षेसाठी ऐकतात, माणसं हौसेनं ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. गणपती, नवरात्र, उन्हाळ्यातल्या व्याख्यानमाला, चाळीची वाचनालयं, कुठेही बोलावलं की ते जायचे. पत्रकावर छापलेलं असायचं, ‘सह्याद्रीच्या पोटात: सचित्र व्याख्यान’. सचित्र म्हणजे स्लाइड्स. एका पांढऱ्या चादरीवर किंवा मंडळाच्या पडद्यावर अप्पा डोंगर दाखवायचे, नद्यांनी कोरलेले रांजणखळगे, घाटातले काळे कडे, किनाऱ्यावरचे लाटांनी चाटलेले खडक. सोबत प्रवासाच्या गमती, कुठे एसटी बंद पडली, कुठे कोणाच्या अंगणात पिठलं-भाकरी खाल्ली. शेवटी शाल आणि नारळ मिळायचा. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सोलकढी ठरलेली. हंगामात इतके नारळ जमायचे की आत्या चाळभर वाटायची आणि तरी आमच्या घावण्यांबरोबर रोज नारळाचा रस असायचा. शाली मात्र पलंगाखालच्या दगडांना पांघरलेल्या असत.

तर आता आईच्या उंचीबद्दल. दगडाच्या फोटोची एक अडचण असते, ती अप्पांनी मला फार लहानपणी समजावून दिली होती. म्हशीच्या फोटोत म्हैस केवढी ते आपल्याला कळतं, कारण म्हैस आपण पाहिलेली असते. दगडाचं तसं नाही. मुठीएवढा दगड आणि डोंगराएवढा कडा फोटोत अगदी सारखे दिसू शकतात. म्हणून ह्या शास्त्रातली माणसं फोटो काढताना दगडाशेजारी काहीतरी माप ठेवतात. कोणी नाणं ठेवतो, कोणी पेन, बहुतेक जण हातोडा. अप्पांनी आई ठेवली.

सुट्टी लागली की आम्ही निघायचो. आईच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, कोरड्या परतलेल्या सुकटीचा डबा आणि हळदीच्या रंगाची एक सुती साडी. काळ्या कातळावर पिवळा रंग लांबूनही उठून दिसतो म्हणून ती साडी अप्पांनीच निवडलेली होती. मापाचा रंग बदलला तर बघणाऱ्याची नजर चुकते, असंही एक कारण ते द्यायचे. जागेवर पोहोचलं की आई एखाद्या आडोशाला जाऊन साडी बदलायची, अप्पांच्या हाताच्या खुणेप्रमाणे कड्याशी जाऊन उभी राहायची आणि टाचा जुळवायची. हसायचं नाही, कारण माप हसत नाही. मी पण उभी राहते म्हणून मी दर वेळी हट्ट करायचे. अप्पांनी एकदा मला उभं केलंही, आणि पुढच्या सुट्टीत तिथेच पुन्हा उभं करून दाखवलं की मी मधल्या काळात तीन बोटं वाढले आहे. “मापाला वाढता येत नाही, बाळ,” ते म्हणाले. मी दोन दिवस कमी जेवून पाहिलं. आता माझी वाढ केव्हाच थांबली आहे, अप्पांच्या कामाला अगदी योग्य झाले आहे.

अशी माझी आई लालबाग-परळमध्ये प्रसिद्ध झाली. अंधारात पडद्यावर कडा उमटला की पहिल्या रांगेतली पोरं पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवायची आणि “मावशी आली” म्हणून ओरडायची. बाजारात कोळीण पापलेट उलटंपालटं करता करता थांबून विचारायची, तू ती दगडाकडची ना गं? आईला ते आवडायचं, असं मला तेव्हाही वाटायचं. व्याख्यानात अप्पा मात्र तिच्याबद्दल एकच वाक्य बोलायचे. हातातल्या लांब छडीचं टोक आधी तिच्या पायाशी आणि मग डोक्याशी टेकवायचे आणि म्हणायचे, “हे माप. उंची पाच फूट.” मग छडी पुढे सरकायची आणि लाव्हा सुरू व्हायचा.

एका वर्षी गणपतीत गल्लीतल्या मंडळासमोर व्याख्यान होतं. आई नेहमीसारखी मागे बायकांत बसली होती, अंगावर निळी साडी. शेजारी बसलेली बाई आमच्या चाळीतली नव्हती, तिने आईला ओळखलं नाही. चार-पाच डोंगर झाल्यावर ती हळूच आईकडे वळून म्हणाली, “प्रोफेसर एवढे देशभर हिंडतात, बायकोला दुसरी एक साडी घेऊ नये?” आई “हो ना” म्हणाली. त्याच आठवड्यात ती माहेरी गिरगावात गेली, तर मामी गौरीचा फराळ पुढे ठेवत म्हणाली की वन्सं, तुमची ती पिवळी साडी टिकली हो चांगली. मामीच्या बोलण्यात साखर किती आणि सुई किती हे मोजायला अजून कोणतं माप निघालेलं नाही.

आई घरी आली आणि गप्प झाली. आमच्याकडे आई गप्प झाली की जेवणावरून कळायचं. पहिल्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात, दुसऱ्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात. तिसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, की बाजारात मासे नाहीत का. मग आईने ताट बाजूला सारलं आणि बोलायला सुरुवात केली. साडीबद्दल बोलली, मामीबद्दल बोलली, एका कड्यावर तिला गांधीलमाशी चावली होती आणि अप्पा “हलू नकोस” म्हणाले होते त्याबद्दलही बोलली. आणि सगळ्यात शेवटी म्हणाली, “इतकी वर्षं मी तुमच्या डोंगरांशी उभी आहे. मला एकदा सांगा, बायको म्हणून उभं करता की पट्टी म्हणून?”

अप्पांनी विचार केला. हीच त्यांची चूक. आईच्या त्या प्रश्नाला लगेच उत्तर हवं होतं, पण अप्पांना कोणीही काहीही विचारलं की ते आधी विचार करायचे. आई उठली, ती पिवळी साडी काढून तिने आत्याला पायपुसणं करायला दिली आणि जाहीर केलं की ह्यापुढे ती कुठल्याही दगडाशी उभी राहणार नाही, आणि आजवर जिथे जिथे उभी आहे तिथूनही तिला काढून टाकायचं.

पुढचे काही महिने अप्पांनी दुसरी मापं शोधण्यात घालवले. हातोडा ठेवून पाहिला, तो कड्यासमोर दिसेचना. एक बांबू काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत रंगवून नेला, तर गावकऱ्यांना वाटलं सरकार धरणासाठी मोजणी करतंय आणि सगळं गाव गोळा झालं. एकदा आत्याला घेऊन गेले. ती काही छत्री मिटेना, एका जागी थांबेना, आणि फोटो काढायच्या क्षणी वळून म्हणाली, “मेल्या, उन्हात किती वेळ उभी करतंस माका?” त्या फोटोत एक उघडी छत्री आहे आणि तिच्याखाली एक हललेला डाग. त्या सहलीत दशम्या नव्हत्या, घोंगडी विसरली होती, आणि अप्पा परतले ते ताप घेऊन. आईने त्यांना गवती चहाचा काढा दिला, आणि रात्री पुन्हा कुळथाची पिठी वाढली.

तेवढ्यात दादरच्या एका जुन्या व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं. लालबागच्या गल्लीत चादरीवर डोंगर दाखवणं वेगळं आणि दादरच्या त्या सभागृहात बोलणं वेगळं. तिथे ऐकणारे लोक ठरलेल्या खुर्च्यांवर बसत आणि वक्त्याने एक शब्द चुकीचा उच्चारला तर एकमेकांकडे बघत. अप्पांना त्या आमंत्रणाची किती वर्षं आस होती हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. गिरगावातून मामा-मामी येणार होते. आईने एवढंच सांगितलं की ती येईल, पण पडद्यावर ती दिसता कामा नये. आणि अप्पांकडे तिच्याशिवाय एकही धड स्लाइड नव्हती.

मग अप्पांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याच घरात झालं नसतं. ते आणि मी पाटावर दिवा घेऊन बसलो, काळ्या कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या ब्लेडने कापल्या आणि प्रत्येक स्लाइडमधली काच उघडून आईवर एकेक पट्टी चिकटवली. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. मधूनच एखादी स्लाइड उचलून दिव्यासमोर धरायची आणि म्हणायची, इथे डाव्या पायाची चप्पल दिसतेय अजून. अप्पा निमूटपणे पट्टी रुंद करायचे. रात्रीच्या जेवणापर्यंत आई सगळ्या सह्याद्रीतून नाहीशी झाली. मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं. आज कळतं. मला वाटत होतं की अप्पा एकदा तरी “नको” म्हणतील.

व्याख्यानाच्या दिवशी आईने जांभळी इरकल नेसली, मामीने तिच्याहून भारी काहीतरी नेसलं. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी भूगर्भशास्त्र आणि भूगोल ह्यांत फारसा फरक न करता बराच वेळ प्रास्ताविक केलं. दिवे मालवले, मी प्रोजेक्टर लावला आणि पहिला कडा पडद्यावर आला. कड्याच्या पायथ्याशी, बरोब्बर मधोमध, एक उभा काळा चौकोन. अप्पा बोलू लागले. दुसऱ्या चित्रात नदी, रांजणखळगे, आणि काठावर काळा चौकोन. तिसऱ्यात घाट आणि काळा चौकोन. सभागृहात कुजबुज सुरू झाली. चौथ्या चित्राला पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी नातीचे डोळे पदराने झाकले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण फार उशिरा. आपल्याकडे चित्रातला जो भाग काळ्या पट्टीने झाकतात, तो कशासाठी झाकतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सहाव्या की सातव्या चित्राला एक काळी टोपी घातलेले गृहस्थ उभे राहिले आणि अतिशय सभ्य आवाजात म्हणाले, “प्रोफेसर, विषय चांगला आहे. पण इथे आयाबहिणी बसल्या आहेत. जे दाखवण्यासारखं नाही ते आणलंत कशाला?”

अप्पा गोंधळून म्हणाले की तिथे तसं काही नाही. काही नाही तर झाकलंय का, असं गृहस्थांनी विचारलं. अप्पांना खोटं बोलता येत नसे, म्हणून ते म्हणाले की तिथे माप आहे. मागून कोणीतरी कसलं माप म्हणून विचारलं आणि सगळं सभागृह हसलं. अप्पांच्या हातातली छडी खाली आली. जन्मभर ज्या खुर्च्यांसमोर बोलायचं स्वप्न पाहिलं, त्या खुर्च्या हसत होत्या. अंधारातही मला त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या, किंवा मला तसं वाटलं. मामी आईच्या कानाशी लागून विचारत होती, की वन्सं, खरंच काय आहे हो तिथे.

आई उठली. रांगेतले गुडघे ओलांडत ती मधल्या वाटेवर आली आणि तिथूनच, मासे घेताना बोलते त्या आवाजात, म्हणाली, “तिथे मी आहे.”

हसू थांबलं. आई पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि पडद्यासमोर त्या काळ्या चौकोनाशी जाऊन उभी राहिली. चित्र होतं पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला पाहिलेल्या सहाकोनी खांबांचं, लाव्हा थिजताना तडकून झालेल्या काळ्या खांबांचं. पण प्रोजेक्टर जवळ असल्यामुळे चौकोन आईच्या गुडघ्याएवढाच भरत होता. आता इतर कोणी नवरा असता तर तो पुढे होऊन दोन शब्द बोलला असता. माझ्या वडिलांनी चष्मा सारखा केला, आईकडे पाहिलं, चौकोनाकडे पाहिलं आणि म्हणाले, “थांबा. प्रमाण चुकतंय. प्रोजेक्टर मागे घ्या.”

मग जी काही धावपळ झाली ती दादरच्या त्या सभागृहाने आधी किंवा नंतर पाहिली नसेल. दोन स्वयंसेवकांनी टेबल उचललं, मी प्रोजेक्टर छातीशी धरला, रांगा सरकल्या, वायर पुरेना म्हणून कुणीतरी ध्वनिक्षेपकाची वायर सोडवून जोडली. काळ्या टोपीचे गृहस्थही आपली खुर्ची उचलून बाजूला झाले. आम्ही मागे मागे जात दाराशी पोहोचलो. चित्र मोठं मोठं होत पडद्याबाहेर गेलं, संस्थापकांच्या तसबिरीवरून, भिंतीवरच्या घड्याळावरून, वर छतापर्यंत. अप्पा हात वर करून स्टेजवरून सांगत होते, अजून, अजून थोडं. प्रोजेक्टरखाली एक पुस्तक सारलं. काळा चौकोन वाढत वाढत आईच्या डोक्याशी आला. “बस्स,” अप्पा म्हणाले. चौकोनात अंधार होता म्हणून पहारेकऱ्याने कोपऱ्यातला एक दिवा लावला. चित्र जरा फिकं झालं, पण त्या अंधारात आई दिसली. जांभळी साडी, टाचा जुळवलेल्या, आणि तिच्या डोक्यावरून वर, तिच्या तिप्पट उंच, खांबांमागे खांब.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी माना मागे टाकल्या. अप्पांची सगळी व्याख्यानं मी ऐकली होती, त्या सगळ्या जागा मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, पण चार भिंतींच्या आत तो दगड खरोखर जेवढा आहे तेवढा पहिल्यांदाच उभा राहिला होता. नातीच्या डोळ्यांवरचा पदर आजींनी काढला.

शेवटी तेच काळ्या टोपीचे गृहस्थ, आता नुसत्या कुतूहलाने, म्हणाले, “पण प्रोफेसर, मापाला हातोडा नसता चालला?”

“चालला असता,” अप्पा म्हणाले. “सगळे तोच ठेवतात.” आणि ह्या वेळी त्यांनी विचार केला नाही. “पण हातोड्याने भागलं असतं तर हिला घरी ठेवून जावं लागलं असतं. मला एकट्याला डोंगर बघवत नाही.” मग छडी हातात होती ती त्यांनी बाजूला ठेवली आणि रिकाम्या हाताने आईकडे दाखवत म्हणाले, “ही माझी पत्नी, मालती.”

टाळ्या पडल्या. आई तशीच उभी होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली आणि मग मामी बसली होती त्या दिशेला पाहून सभागृहाला म्हणाली, “आणि माझ्याकडे दुसऱ्याही साड्या आहेत.”

त्या दिवशीचं व्याख्यान ठरलेल्या वेळेत काही संपलं नाही, कारण प्रत्येक चित्राचं प्रमाण वेगळं होतं आणि प्रत्येक वेळी टेबल पुढे-मागे करावं लागत होतं. लोकांनी ते उचलायला आपसांत पाळ्या लावल्या. अप्पा लाव्हाबद्दल सांगायचे आणि ते श्वास घ्यायला थांबले की आई सांगायची की ह्या दगडाशी तिला मुंग्या चावल्या होत्या, ह्या खळग्यात ह्यांचा चष्मा पडला होता आणि तो शोधायला गुराख्याच्या पोरांना उतरवावं लागलं होतं. घरी येताना दोन नारळ मिळाले. मामी टॅक्सीत बसताना आईला म्हणाली की वन्सं, इरकल छान दिसली हो, आणि मला वाटतं तेवढ्या एका वाक्यात सुई नव्हती.

त्यानंतर आम्ही पुन्हा सहलींना जाऊ लागलो. काळ्या पट्ट्या मी एकेक करून सोलल्या. काही स्लाइडवर डिंकाचे डाग राहिले ते राहिलेच. आई आता मनाला येईल ती साडी नेसायची. एकदा तिने हिरवी नेसली आणि अप्पा कुरकुरले की शेवाळ्यावर ती दिसणार नाही. आई म्हणाली, मग शोधा मला. त्या फोटोत ती कुठे आहे हे सांगायला अप्पा व्याख्यानात मुद्दाम थोडा वेळ घ्यायचे. परवा माझ्या नातवाला ती स्लाइड दिव्यासमोर धरून दाखवली. त्याच्या फोनमध्ये त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचे इतके फोटो आहेत की मागे डोंगर आहे की भिंत हे कळत नाही. त्याने पणजीला चटकन शोधलं आणि विचारलं, ही एवढी लहान का दिसते? मी म्हटलं, डोंगर मोठा आहे म्हणून.

चाळ पाडली तेव्हा दगड कॉलेजला गेले. चौकटीचा तो रेघेचा तुकडा अप्पांनी सुताराकडून कापून घेतला, तो माझ्याकडे आहे. अप्पांनी ऐंशी ओलांडली होती आणि आईची कंबर दुखायला लागली होती, तेव्हा मी दोघांना परळला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एकट्या आईलाच न्यायचं होतं, पण अप्पा ऐकेनात. तिथल्या मुलीने आईला भिंतीशी उभं केलं. आईने न सांगता टाचा जुळवल्या. मुलीने आकडा वाचला, चार फूट नऊ इंच. अप्पा म्हणाले की तुमची पट्टी तपासून घ्या.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढून अप्पांना समजावलं, की वय झालं की मणके एकमेकांवर दाबले जातात, मधली जागा कमी होते, माणूस खाली बसत जातो, ह्यात आजाराचं काही नाही. ज्याने हजारो मुलांना थरावर थर कसे दाबले जातात ते शिकवलं, त्या माणसाने हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

“ते मला ठाऊक आहे, डॉक्टर,” अप्पा म्हणाले. “पण हिला चार फूट नऊ लिहिलंत तर माझे सगळे डोंगर बुटके होतील.”

डॉक्टरांनी पेन उचललेलं तसंच ठेवलं आणि आईकडे पाहिलं. आईने हात मागे नेला, सुपारीएवढा उरलेला अंबाडा चाचपून पाहिला, आणि टाचा न हलवता म्हणाली, “पाच लिहा हो. अंबाडा धरून भरते.”

डॉक्टरांनी पाच लिहिलं.